ओके टॅग लावलेला कावळा

हातात काहीही दिलं की काका आधी डावा डोळा मिटायचे, ती वस्तू ट्यूबलाइटकडे वर धरायचे आणि म्हणायचे, "बघू, उजेडात." मग ती वस्तू लेथवर नुकता कापलेला लोखंडी बुश असो, कोणाच्या लग्नाची पत्रिका असो, नाहीतर कँटीनमधली भजी. माझ्या मुलाच्या बारशाचे पेढे मी वाटले, तेव्हा त्यांनी पेढासुद्धा वर धरून गोल फिरवून बघितला होता. "एका बाजूला चपटा हाय," म्हणाले आणि मगच तोंडात टाकला.

नाशिकला सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी डिस्पॅचची कागदपत्रं बघते आणि काका तिथे इन्स्पेक्शनला होते. काडीसारखे बारीक, डोळ्यांवर गोल चष्मा, कानावर कायम पेन्सिल. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल, ज्याच्यावर सगळे वैतागलेले असतात आणि तो रजेवर गेला की सगळ्यांचं काम अडतं. काका तसे होते. मशीनवरची मुलं त्यांना मागून शिव्या द्यायची आणि पुढ्यात "काका, एवढा लॉट घ्या ना पास करून" म्हणून गोंडा घोळायची. काकांवर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही. पीस चांगला असला तर हिरवा ओके टॅग, नसला तर लाल. एकदा हिरवा टॅग लागला की पुढे त्या मालाला कोणी काही विचारत नाही, पॅकिंगवाला नाही, मी नाही आणि गाडीवालाही नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या हातून जो घोटाळा झाला तो यामुळेच झाला.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. त्यांच्या टेबलावर आता कॅमेऱ्याचं मशीन आहे. ते चुकत नाही म्हणतात. असेल. त्याच्याशी गप्पा मारता येत नाहीत एवढं मात्र मी सांगू शकते.

काकांचा आणखी एक शब्द होता, खाडा. म्हणजे कामाला दांडी. "खाडा नाय करायचा," हे ते नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे. ताप असो, पाऊस असो, घरात लग्न असो, काका सकाळी सातच्या आधी टेबलावर हजर. म्हणून काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि ते महिनाभर आले नाहीत, तेव्हा वर्कशॉपमध्ये सगळ्यांना चुकल्यासारखं झालं. परत आले तेव्हा दाढी एका बाजूची राहून गेलेली होती.

चहाच्या वेळी माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले.

"हात येईल म्हणतात हळूहळू. उजवा हाय ना, टाइम लागतो. पाय तर आलाच, काठी घेऊन चालते. पण ताई, बोलणं गेलं. सगळं समजतं तिला, पण तोंडातून एकच शब्द येतो."

"कोणता?"

"जुडी."

काकूंचं माहेर मखमलाबादचं, भाजीपाला पिकवणारं घर. लग्नाच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षं त्यांनी बाजारात बसून मेथी-कोथिंबीर विकली होती. दिवसातून किती वेळा तो शब्द उच्चारला असेल, देव जाणे. सगळी भाषा वाहून गेली आणि तेवढा एक शब्द तळाशी राहिला.

"पाणी पायजे, तरी जुडी," काका सांगत होते. "पोरगी आली सासरवरून, तिला जुडी. डॉक्टर तपासायला आला, त्याला पण जुडी. चिडली की मोठ्यांदा जुडी, लाडात आली की बारीक आवाजात जुडी." ते हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "आन मला पण जुडीच. तिनं मला कधी नावानं हाक मारली नाय हो. आमच्यात मारत नाय. 'अवो' नायतर 'तुमी', एवढंच. तेवढं एक जरी परत आलं ना, बाकीचं राहू द्या."

मी म्हटलं, "येईल, काका." असं म्हणायला आपलं काय जातं?

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली होती. रोज एकेक कार्ड दाखवायचं आणि विचारायचं, हे काय? काकांनी ती कार्डं मला आणून दाखवली. सफरचंद, चेंडू, विमान आणि बर्फाचं घर. "नाशकात कोणाच्या दारात बर्फाचं घर हाय?" ते चिडून म्हणाले. "ती बघतच नाय. तोंड फिरवून बसते. तिला वाटतं, मी तिला बालवाडीत घातली."

आता इथे माझा संबंध येतो. त्याच सुमाराला आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर एक चॅलेंज चालू झालं होतं. रोज एक कलाकृती करायची, घरात पडलेल्या वस्तूंमधूनच, विकत काही आणायचं नाही. शंभर दिवस. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी मोठ्या हौसेने भाग घेतला होता. पहिल्या दिवशी डाळ-तांदळाचा मोर, दुसऱ्या दिवशी कांद्याच्या सालीचं फूल, तिसऱ्या दिवशी चहाच्या चोथ्याचं काहीतरी, ज्याला आमच्या घरात सगळ्यांनी वेगवेगळी नावं दिली. चौथ्या दिवशी पाहुणे आले होते. निदान मी तसं सांगते.

काकांनी माझ्या मोबाइलवर तो मोर बघितला. डोळा मिटून मोबाइल ट्यूबलाइटकडे धरून बघितला.

"काय हाय हे?"

मी चॅलेंज समजावून सांगितलं.

"रोज एक? खाडा झाला तर?"

"पहिल्यापासून."

"असं पायजे," काका म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या टेबलावर मेथीची जुडी होती. खोके बांधायची ती हिरवी प्लॅस्टिकची पट्टी असते ना, तिचे उभे काप काढून, टोकं पिळून, खाली सुतळीने बांधलेली. लांबून बघितलं तर निवडायला घ्यावीशी वाटेल अशी.

"छान झाली की! पण जुडीच का केली?" मी विचारलं. "तो शब्द तर येतोच ना त्यांना."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच नापास झाले. "पहिल्या दिवशी तरी तिचं उत्तर बरोबर यायला नको का?"

तिथून पुढे रोज एक. काका कधीच कुठल्या कलेच्या वाटेला गेले नव्हते, पण मिलिमीटरचा शंभरावा भाग बघणारा डोळा होता आणि वर्कशॉपमध्ये भंगाराला तोटा नव्हता. लेथवर निघणाऱ्या लोखंडाच्या कुरळ्या सालीची शेळी. बाटल्यांची झाकणं आणि तारेचा तराजू. द्राक्षांच्या दिवसांत बेअरिंगच्या छर्ऱ्यांचा घड. चहाच्या कागदी कपांची बैलजोडी, तिची शिंगं जळक्या काडेपेटीच्या काड्यांची. लोखंडाची धार काकूंच्या हाताला लागू नये म्हणून प्रत्येक कड कानशीने घासायचे. जेवणाची सुट्टी त्यातच जायची, डबा एका हाताने खायचे. फोटो मला पाठवायचे, मी तो ग्रुपवर टाकायची. बायका लिहायच्या, क्यूट.

"क्यूट म्हणजे पास का?" काका विचारायचे.

"पास."

"मग पास म्हणायला काय होतं?"

साडेतीनला शिफ्ट सुटली की वस्तू सदऱ्याच्या खिशात घालून घरी. खाटेसमोर बसायचं, वस्तू पुढे धरायची आणि विचारायचं, "हे काय?" काकू ती डाव्या हाताने घ्यायच्या, उलटीपालटी करायच्या. कार्डांसारखं तोंड फिरवायच्या नाहीत, एवढा फरक पडला होता. नीट बघून उत्तर द्यायच्या.

"काय म्हणाल्या काल?" मी सकाळी विचारायची.

"शेळीला? जुडी."

"आणि तराजूला?"

"तराजूला जरा थांबली. मग जुडी."

असे चाळीसेक दिवस गेले. मला खरं सांगायचं तर आता ते विचारायला नको वाटायचं. काका मात्र रोज तेवढ्याच नेटाने सांगायचे, जणू रोजचं जुडी वेगळं होतं.

मग तो कावळा झाला. काळ्या रबराच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे, चोच म्हणून मोडलेल्या ड्रिलचं टोक, डोळ्याला पितळेचा छोटा रिव्हेट. मान एका बाजूला कलती. काकू बाजारात बसायच्या तेव्हा एक कावळा रोज त्यांच्या पाटीतली कोथिंबीर उपटायचा आणि त्या त्याला रोज शिव्या द्यायच्या, त्याची ही आठवण. काकांना तो इतका आवडला की त्यांनी डोळा मिटून बघितला, पुन्हा बघितला आणि काय करतोय हे लक्षात न येता सवयीने त्याच्या पायाला हिरवा ओके टॅग बांधला. मग शेजारच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवून हात धुवायला गेले.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पॅकिंगवाल्याने टॅग बघितला, ट्रे उचलला, बुशांच्या ट्रेवर चढवला, खोका बंद. मी यादीवर सही केली. तीनची गाडी गेली.

साडेतीनला काका माझ्या टेबलाशी आले. "ताई, माझा कावळा?"

"कुठला कावळा?" मी म्हटलं आणि म्हणता म्हणता मला घाम फुटला.

आम्ही दोघांनी पॅकिंगचं टेबल पालथं घातलं. कावळा तोवर पुण्याच्या रस्त्याला लागला होता. मी म्हटलं, "काका, दुसरा करा ना पटकन. रबर आहे, ड्रिल आहे. मी थांबते."

ते म्हणाले, "नाय ताई. आजचा पीस पास झाला, टॅग लागला. तो गेला म्हणून त्याच्या जागी दुसरा ठेवायचा, ही चोरी झाली."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

असा माणूस. मला त्यांचा राग आला आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त. रिकाम्या खिशाने त्यांना फाटकातून बाहेर जाताना मी बघितलं, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड चुकवत होते, पण काकांनी गाठलंच. त्यांना एका जागी उभं राहवत नव्हतं.

"ऐका. मी गेलो घरी. बसलो तिच्या पुढ्यात. काय दाखवू? हे असे दोन्ही हात दाखवले, मोकळे. तिनं हाताकडं बघितलं. मग माझ्या खिशात हात घातला, डावा. इकडच्या खिशात, तिकडच्या खिशात. आन म्हणली, 'कुठंय?'"

"काय?"

"कुठंय! मला पण खरं वाटलं नाय. मी म्हणलं, काय म्हणलीस? तर अशी ओरडली, 'कुठंय!' शेजारची आली ना धावत." काकांचे डोळे भरले होते आणि ते ते लपवत नव्हते. "ताई, तुमी चुकीच्या गाडीत घातला, पण माल बरोबर पोचला बघा."

मी तिथेच, डिस्पॅचच्या टेबलावर, सगळ्यांसमोर रडले. मला लाज वाटत नाही सांगायला.

चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. आमच्या मालकांच्या मोबाइलवर फोटो होता, चकचकीत बुशांच्या मधोमध बसलेला कावळा. खाली लिहिलं होतं, या पार्टचं ड्रॉइंग पाठवा. मालक आधी भडकले, मग फोटो मोठा करून बघितला आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. काकांना मेमो मात्र दिला, आयुष्यातला पहिला. काकांनी तो उजेडात धरून वाचला आणि म्हणाले, "बरोबर हाय. माझी चूक हाय." मलाही एक मिळाला.

आठवड्याने कावळा कुरियरने परत आला. पायाला लाल टॅग होता आणि शेरा, ड्रॉइंगप्रमाणे नाही. काका तो तसाच घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी विचारायच्या आधीच काकांनी सांगितलं. "दारातून आत गेलो, खिशातून कावळा काढला. ती म्हणली, 'आला!'" मग म्हणाले, "पहिल्यांदा वाटलं, मला म्हणली. पण मला कशी 'आला' म्हणल? मला म्हणली असती तर 'आले का' म्हणली असती. कावळ्याला म्हणली."

"पण म्हणाल्या ना?"

"म्हणली की. कावळा लय नशिबाचा."

हसत म्हणाले, पण मला लागलं ते.

त्यानंतर शब्द यायला लागले. रोज नाही, सरळही नाही. तराजूला "काटा" आलं, बैलजोडीला "बैल". मधल्या दिवशी पुन्हा सगळ्याला जुडी. मुलीचं नाव आलं, तेव्हा मुलगी फोनवर अर्धा तास रडत होती म्हणे. पाणी आलं, नको आलं, गरम आलं. शेजारणीला "जा" आलं. पण काकांना काही नाही. काही पाहिजे असलं की काकू त्यांच्या बाहीला धरून ओढायच्या.

"घरातल्या सगळ्या वस्तूंना टॅग लागले," काका एकदा म्हणाले. "माझाच लॉट पेंडिंग हाय."

एक्क्याण्णवाव्या दिवशी काका कामाला आले नाहीत.

सात वाजले, आठ वाजले. फोन वाजत राहिला, उचलला नाही. मशीनवरची मुलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मला भलतंच काहीतरी दिसायला लागलं. झटका दुसऱ्यांदा येतो, तो वाईट असतो, असं कोणीतरी बोलल्याचं आठवत होतं. दहा वाजता मी मालकांना सांगून स्कूटी काढली. सातपूर कॉलनीत त्यांचं घर, दहा मिनिटांचा रस्ता, मी सिग्नलसुद्धा नीट बघितला नाही.

दार उघडंच होतं. काका जमिनीवर मांडी घालून बसले होते, कामाचे कपडे घातलेले, पायात बूटही तसेच. काकू खाटेवर. भिंतीच्या फळीवर नव्वद वस्तू ओळीने लावलेल्या.

"या ताई, बसा," काका हळू आवाजात म्हणाले. "बोलू नका. काम चालू हाय."

तेव्हा मी बघितलं. काकूंच्या मांडीवर पसारा होता. सकाळी काका निघाले, तेव्हा काकूंनी त्यांची सटरफटर तुकड्यांची पिशवी धरून ठेवली, सोडेचनात. मग पिशवीतलं सगळं सामान मांडीवर ओतून घेतलं आणि कामाला लागल्या. डावा हात, मदतीला दात आणि उजवा हात एखादी वस्तू दाबून धरण्यापुरता. दोन वॉशर तारेत ओवत होत्या. एक निसटला, घरंगळत काकांच्या बुटापाशी गेला. काका उचलून द्यायला वाकले, तर "नको!" त्यांनी स्वतः काठीने ओढून घेतला. असं तीन तास चाललं होतं आणि हा माणूस मोबाइल न उचलता समोर बसून होता.

शेवटी झालं. काकूंनी ती वस्तू हातात घेतली, काकांच्या पुढे धरली आणि भुवया वर केल्या. म्हणजे, हे काय?

काकांनी घेतली. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, त्याला वरच्या टोकाशी तारेत ओवलेले ते दोन वॉशर, बाजूला आडवी खोचलेली एक काडी.

"सायकल," काका म्हणाले.

काकूंनी मान हलवली.

"मग... चाकाची गाडी? रहाट?"

"जुडी!" काकू रागावल्या.

"थांब, थांब, सांगतो. घुबड!"

काकूंनी कपाळाला हात लावला. मी पहिल्या नजरेत ओळखलं होतं. गोल चष्मा, किडकिडीत अंग, कानावर पेन्सिल. पण तो खेळ त्या दोघांचा होता, मी ओठ घट्ट मिटून बसले. काका घामाघूम झाले होते. तीस वर्षं दुसऱ्यांचे पीस पास-नापास केलेला माणूस, त्याला चिमट्याकडे बघून काही सुचत नव्हतं.

काकू पुढे सरकल्या. डावा हात लांब करून त्यांनी काकांच्या छातीवर तळवा ठेवला. ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. तिसऱ्यांदा आला.

"तुमी."

पंख्याचा आवाज होता, बाहेर कोणी भांडी घासत होतं, सगळं तसंच चालू होतं. काका चिमट्याकडे बघत होते, काकूंकडे बघत होते, परत चिमट्याकडे.

"काय म्हणलीस? परत म्हण. एकदा म्हण ना परत."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, दारात आलेल्या पाहुणीकडे, आणि नवऱ्याला समजायला हवं होतं अशा सुरात म्हणाल्या, "चहा."

"हां. चहा. ठेवतो," काका गडबडीने उठले आणि तो चिमटा हातात घेऊनच आत गेले. पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला, बंद झाला. मग काहीच नाही. गॅस पेटल्याचा आवाज येईना. मी मदतीला उठायला लागले, तर काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.